नवशिक्यांपुढे नवखा शिक्षक

अमेरिकेतल्या सरकारी शाळांत संगीत हा वेळापत्रकातला विषय आहे आणि तो शिकवायला परवानाधारक शिक्षक लागतो. अनेक राज्यांत हा परवाना बालवाडीपासून बारावीपर्यंतच्या सगळ्या संगीताचा असतो. त्यामुळे चार वर्षे ट्रम्पेटवर मेहनत घेऊन पदवी मिळवलेल्या तरुणाच्या वाट्याला पहिल्याच नोकरीत एखाद्या शाळेचा गायनवृंद येऊ शकतो, किंवा नऊ-दहा वर्षांच्या वीस मुलांचा व्हायोलिनचा वर्ग. म्हणूनच तिथल्या संगीतशिक्षणाच्या पदवीत एक अपेक्षा पहिल्यापासून असते: विद्यार्थ्याने आपले मुख्य वाद्य उत्तम वाजवावेच, शिवाय जी वाद्ये त्याची नाहीत तीही नवशिक्यांना नीट सुरू करून देता आली पाहिजेत.

ज्याला स्वतःला वाद्य येत नाही तो दुसऱ्याला ते काय शिकवणार, हा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. त्याचे उत्तर मिळवण्यासाठी एकच उदाहरण जवळून पाहणे सोयीचे. या लेखात ते उदाहरण व्हायोलिनचे घेतले आहे, कारण नवशिक्यासाठी ते सर्वांत अवघड वाद्यांपैकी एक आहे आणि शाळेच्या वर्गात ते शिकवण्याचा अनुभव शंभर वर्षांहून अधिक जुना आहे.

वर्गात व्हायोलिन कसे आले

व्हायोलिन पूर्वी एकेकट्याने शिकायचे वाद्य होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधल्या मेडस्टोन इथल्या शाळेत मुलांना गटाने व्हायोलिन शिकवायला सुरुवात झाली. मर्डॉक ही लंडनची वाद्यविक्रेती कंपनी मुलांना स्वस्तात वाद्ये पुरवत असे. ही पद्धत इंग्लंडभर पसरली. बॉस्टनच्या शाळांमधले संगीतशिक्षक आल्बर्ट मिचेल यांनी १९१०च्या सुमारास इंग्लंडला जाऊन ती पाहिली आणि परतल्यावर आपल्या शहरात व्हायोलिनचे वर्ग सुरू केले. १९२३मध्ये अमेरिकी संगीतशिक्षक जोसेफ मॅडी आणि थॅडियस गिडिंग्ज यांचे ‘द युनिव्हर्सल टीचर’ हे पुस्तक निघाले. तंतुवाद्ये, फुंकवाद्ये आणि तालवाद्ये घेतलेली मुले एकाच खोलीत बसून एकाच शिक्षकाकडून शिकू शकतील, अशी त्याची रचना होती.

इथेच शिक्षकाची भूमिका बदलली. खोलीत दहा प्रकारची वाद्ये असतील, तर कोणताही शिक्षक त्या सगळ्यांचा वादक असू शकत नाही. मग त्याला प्रत्येक वाद्याचे नेमके काय आणि किती यायला हवे, हा प्रश्न पुढे आला. हंगेरीत जन्मलेले पॉल रोलंड यांनी १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात इलिनॉय विद्यापीठात त्यावर पद्धतशीर काम केले. व्हायोलिन वाजवताना शरीराच्या ज्या हालचाली होतात त्या त्यांनी सुट्या केल्या, सोप्याकडून अवघडाकडे मांडल्या आणि त्यांवर शिक्षकांसाठी चित्रफिती तयार केल्या. त्याच सुमारास, १९६४मध्ये, जपानचे शिनिची सुझुकी आपल्या दहा बालशिष्यांना घेऊन अमेरिकेत आले. फिलाडेल्फियात संगीतशिक्षकांच्या अधिवेशनात त्या मुलांचे वादन ऐकून अमेरिकी शिक्षक थक्क झाले. लहान मूल भाषा जशी ऐकून आणि पुन्हापुन्हा बोलून शिकते तसेच संगीतही शिकू शकते, ही सुझुकींची धारणा होती. आज शाळांतले बरेचसे व्हायोलिन शिक्षण रोलंड आणि सुझुकी या दोघांच्या विचारांवर उभे आहे.

एका सत्राची तयारी

संगीतशिक्षणाच्या पदवीत वाद्यगटांचे स्वतंत्र अभ्यासक्रम असतात: तंतुवाद्ये, लाकडी फुंकवाद्ये, पितळी वाद्ये आणि तालवाद्ये. त्यांतला एकेक साधारण एका सत्राचा. तंतुवाद्यांच्या वर्गात ट्रम्पेटवादक, गायक, पियानोवादक, ढोलवादक असे सगळे एका रांगेत बसतात आणि हातात व्हायोलिन घेऊन पहिल्या पाठापासून सुरुवात करतात. मैफलीत वाजवता येईल इतकी तयारी या वेळात होत नाही, आणि तशी अपेक्षाही नसते. पहिल्या वर्षाच्या पुस्तकातले सगळे स्वच्छ वाजवून दाखवता यावे, चुकलेली पकड ओळखता यावी, वाद्य सुरात लावता यावे आणि किरकोळ दुरुस्ती जमावी, एवढे उद्दिष्ट असते.

या वर्गात विद्यार्थी एकमेकांना शिकवतात, हा त्याचा महत्त्वाचा भाग. आठवड्यापूर्वी शिकलेली बोची (तारांवर फिरवायच्या गजाची) पकड आज शेजारच्याला शिकवायची, आणि शेजाऱ्याने मुद्दाम अंगठा ताठ ठेवायचा किंवा मनगट पाडायचे. शिकवणाऱ्याने दोष ओळखायचा, एकाच वाक्यात उपाय सांगायचा आणि तो लागू पडला का ते पाहायचे. आपल्याकडच्या बी.एड.च्या सराव पाठांसारखीच ही रीत आहे. शेवटच्या वर्षी हाच विद्यार्थी छात्राध्यापक म्हणून एका सत्रासाठी खऱ्या शाळेत जातो. तिथे मार्गदर्शक शिक्षक आधी त्याला वर्ग पाहायला लावतात, मग वर्गाची पाच-दहा मिनिटे त्याच्या हाती देतात आणि शेवटी पूर्ण वर्ग सोपवतात. विद्यापीठाचे निरीक्षक अधूनमधून पाठ पाहून जातात.

काय सोबत येते, काय येत नाही

छात्राध्यापक व्हायोलिनकडे कोऱ्या पाटीने जात नाही. पंधरा वर्षे संगीत केलेल्या माणसाला लय पक्की असते, स्वरलेखन वाचता येते, कणसूर लागलेला स्वर खटकतो आणि वाक्य कुठे संपते ते कळते. हे सगळे नव्या वाद्यावरही उपयोगी पडते. गायकाचा कान इथे फार कामाचा ठरतो, कारण गळ्याप्रमाणेच व्हायोलिनवरही स्वर आयता मिळत नाही. पियानोवादकाला दोन्ही हात वेगवेगळे चालवण्याची सवय असते; मात्र पट्टी दाबली की योग्य स्वर येणारच, हीही सवय असते आणि ती त्याला मोडावी लागते. ट्रम्पेटवादक श्वास जपून वापरायला शिकलेला असतो, त्यामुळे बोची लांबी कुठे खर्च करायची हे त्याला लवकर समजते.

सोबत येत नाही ते हाताचे ज्ञान. व्हायोलिनच्या फिंगरबोर्डवर पडदे नसतात. पूर्ण आकाराच्या वाद्यावर तारेचा वाजणारा भाग सुमारे ३३ सेंटिमीटर असतो. ‘डी’ तारेवर पहिले बोट वरच्या टोकापासून सुमारे ३.६, दुसरे ६.८ आणि तिसरे ८.२ सेंटिमीटरवर पडले, तर खुल्या तारेसह सा-रे-ग-म हे शुद्ध स्वर मिळतात. ग आणि म या दोन बोटांमध्ये जेमतेम दीड सेंटिमीटर अंतर उरते, म्हणजे ती एकमेकांना चिकटतात. बोट दोन-तीन मिलिमीटर सरकले तरी स्वर उतरलेला किंवा चढलेला ऐकू येतो. मुलांच्या लहान वाद्यांवर ही अंतरे त्याच प्रमाणात कमी होतात. उजव्या हाताचे काम याहून कठीण. सुमारे ७५ सेंटिमीटर लांबीचा, साठेक ग्रॅम वजनाचा बो एका टोकाला धरून तो घोडीशी, म्हणजे तारा टेकलेल्या लाकडी पट्टीशी, समांतर, सारख्या वजनाने पुढेमागे न्यायचा असतो. हातात नसलेली ही गोष्ट ऐकून किंवा वाचून येत नाही, म्हणून सत्रभर रोज वाद्य हातात घेण्याला पर्याय नाही.

पहिले आठवडे

पहिला पाठ वाद्याच्या मापाचा. व्हायोलिन एक-सोळांशपासून पूर्ण आकारापर्यंत अनेक मापांत मिळते. मुलाने डावा हात लांब करून वाद्य खांद्यावर ठेवले की वाद्याचे डोके तळहातात सहज मावले पाहिजे. हात ताणावा लागत असेल तर वाद्य मोठे आहे. ‘पुढच्या वर्षीही चालेल’ म्हणून मोठे वाद्य घेतलेल्या मुलाचा खांदा वर उचलला जातो आणि तो ताण पुढे वर्षानुवर्षे सुटत नाही. शिक्षकाने इथे पालकांशी स्पष्ट बोलणे आवश्यक असते.

दुसरी गोष्ट उभे राहण्याची. पावले खांद्याइतकी फाकवलेली, गुडघे सैल, मान मोकळी. रोलंड यांच्या पद्धतीत मूल वाद्य डोक्यावर उंच धरते आणि मग ते हळूच खांद्यावर उतरवते. या व्यायामाला अमेरिकेत स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याचे नाव आहे. वाद्य वरून खाली आले की ते खांद्यावर आपोआप बरोबर बसते, आणि मुलाला मान वाकवून वाद्याकडे जावे लागत नाही.

यानंतर डाव्या आणि उजव्या हाताचे काम काही आठवडे वेगवेगळे चालते. डाव्या बाजूला मुले तार बोटाने छेडून वाजवतात, बो लागतच नाही. उजव्या हातात आधी बोऐवजी पेन्सिल दिली जाते. अंगठा आतून वाकलेला, मधली दोन बोटे सैल टेकलेली, करंगळी गोल करून वर ठेवलेली, अशी पकड पेन्सिलीवर बसली की मगच बो हातात येतो. पेन्सिल हलकी असते, घरी सतत जवळ असते, आणि ती घेऊन मूल बसमध्येही सराव करू शकते. नवखा शिक्षक इथे अनेकदा घाई करतो, कारण मुलांना बो हवा असतो आणि त्याच्याकडे मुलांना थोपवण्याइतका आत्मविश्वास नसतो. जाणकार शिक्षक मात्र पकड घट्ट होईपर्यंत बो देत नाहीत.

लय शिकवताना शब्द वापरतात. तबल्याचा विद्यार्थी जसा हातापूर्वी तोंडाने बोल म्हणतो, तशी अमेरिकेतली मुले खाद्यपदार्थांची आणि नद्यांची नावे ठेक्यात म्हणतात आणि मग त्याच ठेक्यात खुली तार वाजवतात. सुझुकींच्या पहिल्या पुस्तकाची सुरुवात ‘ट्विंकल ट्विंकल लिटल स्टार’ या परिचित धूनच्या लयबदलांनी होते ती याच विचारातून. धून मुलाच्या ओळखीची असते, त्यामुळे सगळे लक्ष हाताकडे देता येते.

स्वर बसवताना बरेच शिक्षक फिंगरबोर्डवर चिकटपट्ट्या लावतात. मोटारींवर बारीक रेघ ओढण्यासाठी जी अरुंद रंगीत पट्टी मिळते, तीच त्यासाठी वापरतात. पट्टीमुळे बोट कुठे ठेवायचे ते मुलाला दिसते आणि वीस मुलांची बोटे शिक्षकालाही एका नजरेत तपासता येतात. पट्टी कायमची ठेवली की मूल कानाऐवजी डोळ्यांनी वाजवू लागते, ही तिची उणी बाजू. म्हणून चांगला शिक्षक प्रत्येक नवीन ओळ आधी गाऊन घेतो, मग वाजवायला लावतो, आणि काही महिन्यांनी एकेक पट्टी काढून टाकतो.

‘डी’ तारेवर बसवलेली बोटांची ठेवण शेजारच्या ‘ए’ तारेवर तशीच चालते. ‘डी’वर सा-रे-ग-म आणि ‘ए’वर प-ध-नी-सां. एकच ठेवण दोनदा वापरून पूर्ण सप्तक हाती येते. नवशिक्यांची सुरुवात इथून होण्याचे आणखी एक कारण आहे. शाळेच्या तंतुवृंदात व्हायोलिन, व्हियोला, चेलो आणि डबल बास ही चारही वाद्ये एकत्र असतात. त्यांच्या तारा वेगवेगळ्या स्वरांत लावलेल्या असतात, परंतु ‘डी’ आणि ‘ए’ या दोन तारा चौघांकडेही असतात. त्यामुळे पहिल्या दिवशी अख्खा वर्ग एकाच स्वरावर एकत्र वाजू शकतो. पुढे मात्र वाटा फुटतात. डबल बासच्या तारांमधले अंतर वेगळे असल्याने तिथे बोटे वेगळी पडतात, आणि व्हियोलाचे स्वरलेखन निराळ्या चिन्हाने सुरू होते. व्हायोलिन एका सत्रात शिकलेल्या छात्राध्यापकाची खरी तारांबळ इथे उडते. प्रत्येक ओळ चारही वाद्यांवर स्वतः वाजवून पाहिल्याशिवाय वर्गात न नेणे, हा त्यावरचा खात्रीचा उपाय. पाठ टाचणात प्रत्येक वाद्याची बोटे लिहून ठेवलेली असली की वर्गात अडखळायला होत नाही.

करकर ऐकू आली की

नवशिक्यांच्या वर्गातला सर्वांत ओळखीचा आवाज म्हणजे बोची करकर. ती ऐकून मुलाला ‘नीट वाजव’ म्हणणे व्यर्थ आहे, कारण नीट म्हणजे काय हेच त्याला कळत नसते. शिक्षकाला त्यामागचे कारण माहीत हवे.

बोला ताणून लावलेले घोड्याचे केस असतात आणि त्यांवर राळ घासलेली असते. राळेमुळे केस तारेला धरून ओढतात, ताण वाढला की तार सुटून मागे येते, पुन्हा धरली जाते. हे सेकंदाला शेकडो वेळा घडते. ‘ए’ तारेवर ४४० वेळा. तारेची ही हालचाल जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकात उलगडून दाखवली. धरणे आणि सुटणे नियमित असले तर स्वर स्वच्छ येतो. ते तीन गोष्टींवर अवलंबून असते: बोचा वेग, तारेवरचे वजन आणि बो घोडीपासून किती अंतरावर आहे ती जागा.

हे कळले की करकरीचे निदान करता येते. वजन जास्त आणि वेग कमी असेल तर आवाज चिरडल्यासारखा, खरखरीत येतो. वजन कमी आणि वेग जास्त असेल तर तो पोकळ, शिट्टीसारखा होतो. बो तिरका चालला की तो फिंगरबोर्डकडे घसरतो आणि आवाज अस्थिर होतो. आवाज फारच क्षीण असेल तर राळ लावलेली नसण्याची शक्यता अधिक. नव्या वाद्याबरोबर आलेल्या नव्या बोवर ती मुळीच नसते. निष्णात वादक हे सगळे नकळत साधतो, त्यामुळे त्याला ते शब्दांत सांगणे कधीकधी जड जाते. छात्राध्यापकाने ते नुकतेच कष्टाने शिकलेले असते. मुलाच्या उजव्या बाजूला उभे राहून बोचा मार्ग पाहायचा, मग जागा, मग वजन, हा क्रम त्याने अंगवळणी पाडला की बहुतेक तक्रारींचे कारण त्याला सापडते.

उपाय एकावेळी एकच सांगायचा, हाही या कामाचा नियम आहे. मुलाचा अंगठा ताठ आहे, मनगट पडले आहे आणि बो तिरका आहे, असे तीनही दोष दिसले तरी एकाच वेळी तीन सूचना दिल्या की मूल गोंधळते. आधी जो दोष इतरांना जन्म देतो तो निवडावा. डाव्या हाताच्या बाबतीत तो सहसा आत पडलेले मनगट असतो. मनगट पडले की तळवा वाद्याच्या मानेला चिकटतो, बोटे तिरकी आणि लांब होतात आणि तिसरे बोट आपल्या जागी पोहोचतच नाही. मनगट सरळ केले की बोटे पुष्कळदा आपोआप सुधारतात.

वाद्याची निगा

वीस वाद्ये सुरात लावण्यातच वर्गाची पंधरा मिनिटे जाऊ शकतात. म्हणून नवख्या शिक्षकाने हे काम जलद करण्याचा वेगळा सराव करायचा असतो. लहान वाद्यांना तारांच्या खालच्या टोकाशी बारीक फिरक्या असतात. थोडासा फरक असेल तर त्यांनीच स्वर मिळवावा. खुंट्या फिरवताना त्या आत दाबत फिरवाव्या लागतात, नाहीतर त्या टिकत नाहीत. अमेरिकेत हिवाळ्यात घरे आणि शाळा तापवलेल्या असतात, हवा कोरडी पडते, लाकूड आकसते आणि एका रात्रीत वर्गातल्या अर्ध्या वाद्यांच्या खुंट्या सुटतात.

घोडी डिंकाने चिकटवलेली नसते, ती तारांच्या दाबावर उभी असते. तारा ताणल्या की ती हळूहळू पुढे झुकते आणि लक्ष दिले नाही तर कोसळते. तिची सपाट बाजू तारा अडकवलेल्या टोकाकडे असावी लागते. घोडी पडल्यावर वाद्याच्या आतली उभी काडीही पडली असेल तर तारा पुन्हा ताणू नयेत आणि वाद्य कारागिराकडे पाठवावे. वाजवून झाल्यावर बो सैल करणे आणि राळेची पूड पुसणे या सवयी पहिल्या दिवसापासून लावायच्या असतात.

नवखेपणाचा फायदा आणि त्याची हद्द

अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६मध्ये एक भेद मांडला. विषय येणे ही एक गोष्ट, आणि तो शिकणाऱ्याला कुठे अडतो, कोणत्या क्रमाने आणि कोणत्या उदाहरणाने समजतो, हे कळणे ही दुसरी. शिक्षकाला दुसरे ज्ञान वेगळे मिळवावे लागते, ते पहिल्याबरोबर आपोआप येत नाही. लहानपणीच व्हायोलिन हाती घेतलेल्या वादकाला आपली करंगळी पहिल्यांदा बोवर कशी ठेवली हे आठवत नसते. छात्राध्यापकाला ते गेल्या महिन्यातले असते. कोणती सूचना उपयोगी पडली आणि कोणती नुसतीच शब्दांत राहिली, हे त्याला ताजे ठाऊक असते. त्याचा पाठ म्हणूनच अनेकदा लहान पायऱ्यांचा आणि मुलांना झेपणारा होतो.

याची हद्दही तेवढीच स्पष्ट आहे. मुलाला सुंदर स्वर कसा असतो हे ऐकवायला हवे, आणि नवखा शिक्षक तो प्रत्येक वेळी काढू शकत नाही. तिथे चांगल्या वादकाचे ध्वनिमुद्रण, वरच्या वर्गातला तयार विद्यार्थी किंवा मार्गदर्शक शिक्षक यांची मदत घ्यावी. एक पाठ पुढे राहून शिकवणे पुरत नाही, कारण आजची पकड पुढच्या दोन वर्षांत काय मागणार आहे हे पुढचा रस्ता पाहिलेल्यालाच कळते. मुलाचा हात दुखत असेल, हात सरकवून वरच्या स्वरांवर जायची वेळ आली असेल, किंवा एखादे मूल वर्गाच्या फार पुढे गेले असेल, तर त्याला त्या वाद्याच्या तज्ज्ञाकडे पाठवणे हे शिक्षकाचे कर्तव्य ठरते. प्रश्नाचे उत्तर ठाऊक नसेल तर तसे सांगून पुढच्या तासाला ते आणून देणाऱ्या शिक्षकावरचा मुलांचा विश्वास कमी होत नाही. चुकीची पकड शिकवली गेली तर मात्र ती सोडवायला नव्याने शिकण्यापेक्षा अधिक वेळ लागतो.

आपल्या परंपरेचा दाखला

स्वतः वाजवत नसलेले वाद्य शिकवण्याचे मोठे उदाहरण हिंदुस्थानी संगीतात आहे. मुंबईत राहणाऱ्या अन्नपूर्णादेवी सूरबहारवादक होत्या. त्यांच्याकडे हरिप्रसाद चौरसिया आणि नित्यानंद हळदीपूर बासरी शिकले. गाऊन सांगायचे आणि शिष्याने ते आपल्या वाद्यात उतरवायचे, ही ती पद्धत. तंतकारीतला आणि गायकीतला विचार असा एका वाद्यातून दुसऱ्यात नेता येतो, कारण सगळ्यांच्या मुळाशी गळा आहे.

मात्र अन्नपूर्णादेवींकडे येणाऱ्या शिष्याचे हात आधी तयार झालेले असत. फुंक कशी घालायची, बोटे छिद्रांवर कशी ठेवायची हे त्यांना शिकवावे लागत नव्हते. नवशिक्याची गरज नेमकी उलटी असते. त्याला रागाची बढत अजून नको असते, हाताची पहिली ठेवण हवी असते. म्हणून प्रगत शिष्याला वाद्य न वाजवणारा मोठा गुरू पुरतो, पण अगदी पहिल्या दिवशीच्या मुलाला वाद्याच्या पहिल्या वर्षाचे नीट ज्ञान असलेला शिक्षकच लागतो, मग तो त्या वाद्याचा मोठा वादक नसला तरी चालते. गोव्यातल्या चर्चच्या पॅरिश शाळांत मेस्त्री, म्हणजे तिथले संगीतशिक्षक, हेच काम करत. मुलांना स्वरलेखन वाचायला आणि व्हायोलिन धरायला ते शिकवत, आणि त्या पायावर उभे राहिलेले कितीतरी गोवेकर वादक पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीतात चमकले.

महाराष्ट्रातही गायनात विशारद झालेल्यांना वर्ग चालवताना हार्मोनियम किंवा कीबोर्ड शिकवावा लागतो. व्हायोलिन शिकवायची वेळ आली तर आणखी एक पेच असतो. आपल्याकडे मांडी घालून बसून, वाद्याचे डोके उजव्या पायाच्या घोट्यावर टेकवून वाजवतात. पाश्चात्त्य पुस्तकांतली उभ्याने धरायची पद्धत वेगळी असते. दोन्हींची सरमिसळ झाली की मुलाचा हात अवघडतो. कोणती बैठक शिकवायची हे पहिल्या दिवशी ठरवून तिच्यावरच टिकून राहावे.

पालकांसाठी थोडेसे

न्यू जर्सी, कॅलिफोर्निया अशा ठिकाणी राहणाऱ्या मराठी कुटुंबांतली मुले चौथी-पाचवीत भाड्याचे व्हायोलिन घेऊन घरी येतात, तेव्हा त्यांचे शिक्षक कधीकधी असे छात्राध्यापक असतात. त्यात काळजीचे कारण नाही. मार्गदर्शक शिक्षक वर्गात असतात का, मुलाच्या मापाचे वाद्य दिले आहे का आणि नवी ओळ आधी गाऊन घेतात का, एवढे विचारावे. घरी रोज दहा-पंधरा मिनिटांचा सराव आठवड्यातून एकदा केलेल्या तासाभराच्या सरावापेक्षा उपयोगाचा असतो. खुंट्यांना हात लावू नये. धून मुलाबरोबर गावी, कारण गाता आलेला स्वर बोटाला लवकर सापडतो.

ज्याच्यावर अपरिचित वाद्य शिकवण्याची वेळ आली आहे त्याने एवढे करावे: त्या वाद्याच्या एका चांगल्या जाणकाराकडे जाऊन निदान सहा महिने नवशिक्या होऊन शिकावे, शिकताना जिथे जिथे अडले ते लिहून ठेवावे आणि मगच मुलांसमोर उभे राहावे. संगीतसंस्थांनीही शिक्षक घडवताना या सहा महिन्यांची सोय अभ्यासक्रमातच करावी. पहिली पकड नीट बसलेल्या मुलाला पुढे मोठा गुरू मिळाला तर त्याचे सोने होते, आणि न मिळाला तरी वाद्य त्याच्या हातून सुटत नाही.